फोनचे बिऱ्हाड

आज बहुतेक घरांत मोबाइल फोन आहे. काही वर्षांनी तो जुना होतो आणि नवा घ्यावा लागतो. जुन्या फोनमधील माहिती नव्या फोनमध्ये नेण्याचे काम घरातील मुलांकडे येते. हे काम कसे करावे आणि कोणत्या वृत्तीने करावे, याविषयी लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे.

जालना शहर कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. एका काठाला जुना जालना म्हणतात, दुसऱ्या काठाला नवा जालना. नवा जालना वाढला, तरी जुना जालना आपल्या जागी राहिला. लोक पुलावरून रोज ये-जा करतात. एखादी वस्तू पलीकडे विसरली, तर परत जाऊन आणता येते.

फोनचे तसे नाही. नवा फोन घरात आला, की जुन्या फोनचे दिवस भरतात. तो विकला जातो, नव्याच्या बदल्यात दुकानात दिला जातो, नाहीतर धाकट्या भावंडाच्या हाती जातो. त्याआधी एकदाच काय ते सामान पलीकडे न्यायचे असते. जे मागे विसरले, ते बहुधा कायमचे गेले.

म्हणून मी या कामाला फोनचे बिऱ्हाड हलवणे म्हणतो. घर बदलताना आपण काय करतो ते आठवा. आधी सगळे सामान काढतो आणि काय न्यायचे ते ठरवतो. नव्या घरी पोचल्यावर पेट्या उघडून पाहतो, की वस्तू शाबूत आहेत ना. शेवटी जुन्या घरी परत जातो, कोनाडे तपासतो, घर झाडून घेतो आणि किल्ली मालकाच्या हवाली करतो. ही तीन कामे झाली, म्हणजे बिऱ्हाड हलले. फोनचेही तसेच आहे. काय न्यायचे? नेलेले उघडते का? मागे काय उरले? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय जुना फोन हातावेगळा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बरेच लोक म्हणतील, 'एवढे काय त्यात? दुकानदार दहा मिनिटांत करून देतो.' दुकानदार करून देतो हे खरे. पण कोणता फोटो मोलाचा आणि कोणता टाकाऊ, हे त्याला कसे कळणार? आपले घर दुसऱ्याने आवरले, तर वस्तू हलतात. पण जपल्या जातीलच असे नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. भारतात मोबाइल फोनवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कोलकाता येथून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हाचा फोन फक्त बोलण्यासाठी होता. तो हरवला, तर पैशाचे नुकसान होई. आठवणी फोनमध्ये नसत. फोटो कपाटातल्या आल्बममध्ये असत, नंबर छोट्या वहीत असत आणि पत्रे तारेला टोचून ठेवलेली असत.

आज हे सारे एका फोनमध्ये गोळा झाले आहे. समजा, परतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा फोन आहे. त्यात मोसंबीच्या बागेचे फोटो असतात. कृषी सेवा केंद्राच्या बिलांचे फोटो असतात. पीक विम्याची पावती आणि सातबाऱ्याचा उतारा असतो. समजा, मंठा तालुक्यातील एक मजूर ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून किती उचल घेतली आणि किती फेडली, हा हिशेब त्याच्या फोनमध्ये असतो. समजा, भोकरदनला एक बाई घरी शिवणकाम करतात. गिऱ्हाइकांची मापे आणि उधारी त्यांच्या फोनमध्ये असते. आणि समजा, एखाद्या फोनमध्ये वारलेल्या आजीचा आवाज आहे. 'जेवलास का रे?' एवढेच ती विचारते. तो निरोप चार सेकंदांचा आहे, पण घरातल्या माणसांना त्याची किंमत सांगता येणार नाही.

मराठीत दप्तर हा एक सुंदर शब्द आहे. तो तुमच्या उर्दूतल्या 'दफ्तर' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कचेरीतले जतन केलेले कागद, आणि तुमच्या पाठीवरची पुस्तकांची पिशवीही. आजचा फोन म्हणजे घराचे दप्तरच झाला आहे. दप्तर हलवायचे, तर जबाबदारीने हलवले पाहिजे.

आता पहिला प्रश्न घेऊ. काय न्यायचे? त्यासाठी आधी कोणती वस्तू कोठे राहते, हे समजले पाहिजे. पुष्कळ लोकांना वाटते, की जुन्या फोनचे सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातले, म्हणजे सगळे आले. हा समज चुकीचा आहे. सिमकार्डाबरोबर आपला नंबर येतो. थोडी नावे आणि नंबर त्यावर साठवलेले असतील, तर तेही येतात. फोटो, निरोप आणि कागदपत्रे सिमकार्डावर नसतात.

काही गोष्टी फोनच्या पोटात असतात. उदाहरणार्थ, काढलेले फोटो आणि उतरवून घेतलेली कागदपत्रे. काही गोष्टी इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात असतात. त्या खात्याचा पासवर्ड नव्या फोनमध्ये घातला, की त्या दिसू लागतात. आणि काही गोष्टी मुळी फोनमध्ये नसतातच. आपले पैसे बँकेत असतात. यूपीआयचे ॲप म्हणजे फक्त त्या पैशापर्यंत जाणारे दार. नव्या फोनमध्ये हे दार पुन्हा नव्याने बसवावे लागते. त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबराचे सिमकार्ड त्या फोनमध्ये असावे लागते. डिजिलॉकर ही सरकारी सोय २०१५ साली सुरू झाली. त्यातील गुणपत्रिका किंवा वाहन परवाना फोन बदलला म्हणून हरवत नाही. पुन्हा प्रवेश केला, की तो तेथेच असतो.

म्हणून एक कागद घ्यावा. त्यावर चार रकाने आखावेत: सिमकार्डावर काय, फोनमध्ये काय, खात्यात काय आणि बँकेत किंवा सरकारी दप्तरात काय. ज्यांचा फोन आहे, त्यांना शेजारी बसवावे आणि विचारून विचारून हे रकाने भरावेत. अर्धा तास लागेल. पण या अर्ध्या तासात आजोबांना एखादा विसरलेला फोटो आठवेल, आईला एखादी पावती आठवेल. यंत्राला हे आठवत नाही. ते माणसालाच आठवते.

यादी झाली, की प्रत्यक्ष काम सोपे आहे. दोन्ही फोनची बॅटरी भरून घ्यावी. दोन्ही फोन केबलने जोडावेत किंवा शेजारी ठेवून बिनतारी जोडावेत. माहिती नेण्याची सोय आजकाल बहुतेक फोनमध्ये असते. फोटो, नंबर आणि ॲपची यादी तिच्यामुळे पलीकडे जाते. मात्र बऱ्याच ॲपमध्ये पुन्हा पासवर्ड घालून आत जावे लागते. या वेळी फोनवर काही अंकांचा संकेत येतो. तो संकेत कोणी फोन करून मागितला, तर कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार करावी.

व्हॉट्सॲपचे निरोप नेताना विशेष काळजी घ्यावी. अँड्रॉइड फोनमध्ये त्यांची नक्कल गूगलच्या खात्यात ठेवता येते, आयफोनमध्ये ॲपलच्या खात्यात. पण एका प्रकारच्या फोनची नक्कल दुसऱ्या प्रकारच्या फोनमध्ये उघडत नाही. प्रकार बदलायचा असेल, तर दोन्ही फोन समोरासमोर ठेवून माहिती थेट न्यावी लागते, आणि ती सोय बहुधा नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालते. ही गोष्ट आधी माहीत नसेल, तर नंतर हळहळत बसावे लागते. आणखी एक सवय टाळावी. फोटो जपण्यासाठी काही जण ते व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवतात. तसे केल्याने फोटो सहसा लहान आणि अस्पष्ट होतो.

खात्यात ठेवलेली नक्कल चांगली, पण तिचे दोन दोष लक्षात ठेवावेत. पहिला दोष जागेचा. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही या जागेत मोजले जाऊ लागले. जागा भरली, की नक्कल घेणे थांबते, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. दुसरा दोष त्याहून मोठा आहे. फोन आणि खाते एकमेकांना जोडलेले असतील, तर खाते हे आरशासारखे वागते. फोनमध्ये फोटो पुसला, की खात्यातलाही पुसला जातो. जुना फोन रिकामा करावा म्हणून एखाद्याने त्यातले फोटो एक एक करून पुसले, तर नव्या फोनमधूनही ते नाहीसे होऊ शकतात. आरशातले रूप म्हणजे नक्कल नव्हे. नक्कल तीच, जी मूळ वस्तू गेली तरी मागे राहते. म्हणून मोलाच्या फोटोंची एक प्रत संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर असावी. अगदी मोलाचे दहा-वीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. त्यांच्या मागे नाव आणि तारीख लिहावी.

आता दुसरा प्रश्न. नेलेले उघडते का? माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याकडेच आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो. वस्तू पोचली एवढ्यावर आपण समाधान मानतो. ती वाचता येते की नाही, हे पाहत नाही.

हा धडा आपल्या जालना जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. महसुलाच्या अनेक नोंदी उर्दूत होत्या, काही मोडी लिपीत होत्या. पुढे संस्थान गेले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक वेळी कारभाराचे बिऱ्हाड हलले. कागद राहिले, पण ते वाचणारी माणसे कमी होत गेली.

मग २०२३ साल उजाडले. ऑगस्टच्या अखेरीस अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. सप्टेंबरमध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जुन्या नोंदींत कुणबी असा उल्लेख कोठे आहे, हे शोधण्याचे काम सुरू झाले. आरक्षणाच्या प्रश्नावर लोकांची मते वेगवेगळी आहेत. आपण येथे फक्त कागदांकडे पाहू. गाठोडी सोडली गेली. कागद हाती आले. पण त्यांतले अनेक उर्दूत आणि मोडीत होते. मग उर्दू जाणणाऱ्यांचा आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कागद हातात असून उपयोग नव्हता. तो वाचणारा माणूस हवा होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला उर्दू वाचता येते. तुम्ही मराठीही शिकत आहात. हे फार मोठे धन आहे. जुन्या दप्तरातील माहिती आजच्या दप्तरात आणायची असेल, तर दोन्ही भाषा जाणणारा माणूसच पूल होऊ शकतो. यंत्र कागदाचा फोटो काढील. कागद काय म्हणतो, ते बरोबर समजले की नाही, हे पाहायला जाणता माणूस लागेल.

असाच अनुभव दूरच्या इंग्लंडलाही आला. इ. स. १०८६ मध्ये तेथील राजा विल्यम याने देशातल्या जमीनजुमल्याची मोठी नोंद करवून घेतली. ती चर्मपत्रावर लिहिलेली आहे. तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला नऊशे वर्षे झाली, म्हणून १९८६ साली बीबीसी या संस्थेने देशाची नवी नोंद तयार केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी तिच्यासाठी माहिती दिली. त्यांत शाळेतली मुले पुष्कळ होती. मुलांनी आपल्या गावाविषयी लिहिले, फोटो पाठवले. ही सारी माहिती दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर साठवली गेली. त्या वाचण्यासाठी खास यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली, आणि तबकड्यांवरची माहिती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना मोठे परिश्रम करावे लागले. इकडे नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र अजून वाचता येते. मुलांनी लिहिलेल्या मजकुरात काही चूक नव्हती. दार बरोबर आणले होते, पण त्याची किल्ली कालबाह्य झाली होती.

फोनची किल्ली म्हणजे पासवर्ड. व्हॉट्सॲपच्या नकलेला कुलूप लावण्याची सोय आहे. ते कुलूप लावले आणि पासवर्ड विसरला, तर ती नक्कल कंपनीलाही उघडता येत नाही. हे सुरक्षिततेसाठी चांगले आहे, पण विसरभोळ्या माणसासाठी धोक्याचे आहे. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांचे पासवर्ड त्यांच्याच हाताने एका वहीत लिहून घ्यावेत आणि ती वही त्यांनीच कुलपात ठेवावी. ती वही फोनमध्ये ठेवू नये. पेटीची किल्ली कोणी पेटीत ठेवते का?

माहिती पलीकडे पोचली, की जुना फोन लगेच पुसू नये. आठ-पंधरा दिवस तो तसाच बाजूला ठेवावा. या काळात सर्वांत जुना फोटो उघडून पाहावा. आजीचा तो आवाज एकदा लावून ऐकावा. पाच-सहा नंबर तपासावेत. एखादे कागदपत्र उघडून शेवटच्या पानापर्यंत जावे. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करावी. खूण झाली नाही, तोवर बिऱ्हाड हलले असे मानू नये.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याचाच एक जुना माणूस आपल्याला शिकवून गेला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब या गावी झाला. हे गाव आज घनसावंगी तालुक्यात आहे आणि जांब समर्थ म्हणून ओळखले जाते. त्यांच्या दासबोध या ग्रंथात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखन कसे करावे याविषयी आहे. पानाच्या सर्व बाजूंना कोरी जागा सोडावी, असे ते तेथे सांगतात. त्याचे कारण व्यवहाराचे आहे. कागद झिजतो तो कडांनी. कडा झडल्या, तरी अक्षर वाचले पाहिजे. म्हणजे लिहितानाच त्यांनी कागद झिजणार हे गृहीत धरले होते. आपण फोन घेताना असा विचार करतो का? फोन एक दिवस बंद पडणार, हे पहिल्याच दिवशी गृहीत धरावे आणि नक्कल घ्यायला त्याच दिवसापासून सुरुवात करावी. फोन पाण्यात पडल्यावर नक्कल घेता येत नाही.

तिसरा प्रश्न उरला. मागे काय राहिले? येथे मला तुमच्या ओळखीचा एक शब्द सांगायचा आहे. उर्दूत अमानत म्हणतात, मराठीत अनामत. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अनामत. फोनमध्ये आपलीच माहिती असते असे नाही. बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात. शेजाऱ्याच्या आधार कार्डाचा फोटो असतो. मैत्रिणीने मन मोकळे करून पाठवलेला निरोप असतो. त्या लोकांनी तो विश्वास आपल्यावर टाकलेला असतो, फोन विकत घेणाऱ्या अनोळखी माणसावर नव्हे.

म्हणून जुना फोन देण्यापूर्वी तो पूर्ण कोरा करावा. एक एक फोटो पुसून भागत नाही. पुसलेले फोटो काही दिवस फोनच्या कचरापेटीत तसेच राहतात. आधी फोनमधून आपली सर्व खाती बाहेर काढावीत. मग सेटिंगमधली फोन कारखान्यातून आल्यासारखा कोरा करण्याची सोय वापरावी. अलीकडच्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात असते. फोन कोरा केला, की ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. खाते न काढता फोन कोरा केला, तर काही वेळा तो घेणाऱ्यालाही वापरता येत नाही. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्यायला विसरू नये. फोन अगदीच निकामी झाला असेल, तर तो उकिरड्यावर टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

हा अनामतीचा विचार मुलांनाही लागू आहे. आईचा किंवा आजोबांचा फोन तुमच्या हाती येतो, तेव्हा तो सामान वाहून नेण्यासाठी येतो, पेट्या उघडून वाचण्यासाठी नाही. हमाल पेटी उचलतो, आतली पत्रे वाचत नाही. फोटो न्यावेत, कोणाचे खासगी निरोप वाचू नयेत. आणि विचारल्याशिवाय काहीही पुसू नये. तुम्हांला जो फोटो अंधुक आणि निरुपयोगी वाटतो, तो कदाचित आजोबांजवळ असलेला त्यांच्या मित्राचा एकमेव फोटो असेल.

काही जणांचे म्हणणे याच्या उलट आहे. ते म्हणतात, 'सगळे जपून काय करायचे? जुने गेले तर बरेच झाले.' या म्हणण्यात तथ्य आहे. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या शुभेच्छांची हजारो चित्रे जपण्यात अर्थ नाही. बिऱ्हाड हलवताना आपणही फुटक्या बरण्या टाकतोच. पण काय टाकायचे ते घरच्यांनी ठरवून टाकावे. घाईत गेले, चुकून गेले किंवा दुकानात राहून गेले, याला टाकणे म्हणत नाहीत, गमावणे म्हणतात.

आणखी एक मागणी मला करावीशी वाटते. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. नंबर आपला, म्हणून तो आपल्याबरोबर येतो. मग आपले निरोप आणि फोटो एका कंपनीच्या फोनमधून दुसरीच्या फोनमध्ये नेणे अवघड का असावे? युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने नागरिकांना आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क सांगितला आहे. माहिती सोबत नेण्याचा हक्क मात्र त्यात स्वतंत्रपणे दिलेला नाही. तो मिळायला हवा. फोन कंपनीचा असेल, पण त्यातली आजी आपली आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे, ते आपण करावे. शाळेत पत्र कसे लिहावे, अर्ज कसा करावा, हे शिकवतात. घराचे दप्तर कसे जपावे आणि कसे हलवावे, हेही शिकवले पाहिजे. त्याला महागडे यंत्र लागत नाही. एक कागद, एक पेन, घरातले वडीलधारे माणूस आणि थोडा धीर पुरतो. पुढच्या वेळी कोणी तुमच्या हाती जुना आणि नवा असे दोन फोन ठेवले, तर केबल शोधण्याआधी त्यांना विचारा, 'यातले काय तुम्हांला जपायचे आहे?'

शब्दार्थ

बिऱ्हाड – घर आणि त्यातील सामानसुमान
शाबूत – न मोडलेले, सुरक्षित
हातावेगळा करणे – देऊन मोकळे होणे
उचल – कामाआधी घेतलेले पैसे
नक्कल – मूळ वस्तूसारखी दुसरी प्रत
गृहीत धरणे – आधीच मानून चालणे
कालबाह्य – काळाबरोबर निरुपयोगी झालेले
अनामत – विश्वासाने ठेवलेली वस्तू, अमानत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जालना शहर कोणत्या नदीच्या काठांवर वसले आहे?
(आ) सिमकार्डाबरोबर नव्या फोनमध्ये काय येते?
(इ) डूम्सडे बुक कशावर लिहिलेले आहे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फोन बदलताना कोणते तीन प्रश्न विचारावेत?
(आ) फोनशी जोडलेल्या खात्याला लेखकाने आरसा का म्हटले आहे?
(इ) २०२३ साली उर्दू जाणणाऱ्यांचा शोध का सुरू झाला?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
दिवस भरणे, हवाली करणे, पत्ता नसणे, मन मोकळे करणे

प्र. ४. पाठातून असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सारखा आहे का, ते लिहा.

प्र. ५. 'सगळे जपून काय करायचे?' या मताविषयी तुम्हांला काय वाटते? आठ-दहा ओळींत लिहा.

उपक्रम : घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीशेजारी बसा. त्यांच्या फोनमध्ये कोणत्या दहा गोष्टी जपाव्यात असे त्यांना वाटते, ते विचारून यादी करा. प्रत्येक गोष्टीपुढे तिचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहा.